राणीच्या काळातली नवी नावं

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना घोकून पाठ केलेलं असतं. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यामागे या निवृत्त सनदी अधिकाऱ्याची खटपट होती, एवढं लिहिलं की मार्क मिळत. मधलं ते ऑक्टेव्हियन कुठून आलं, असं कुणी विचारत नसे. जोसेफ ह्यूम या खासदाराच्या नऊ मुलांपैकी अ‍ॅलन आठवा होता आणि लॅटिनमधल्या आठव्या क्रमांकावरून त्याला ते नाव मिळालं होतं. लंडनच्या क्यू उद्यानातल्या प्रसिद्ध काचघराचा आराखडा करणाऱ्यांपैकी एक, डेसिमस बर्टन, हा आईबापांचं दहावं अपत्य, आणि त्याचंही नाव त्याच हिशोबानं पडलेलं. कवी आल्फ्रेड टेनिसनच्या एका धाकट्या भावाचं नाव सेप्टिमस होतं. आज इंग्लंडमध्ये बाळासाठी नाव शोधणाऱ्या आईबापांपुढे अशी नावं ‘जुन्या वळणाची, दुर्मिळ व्हिक्टोरियन नावं’ म्हणून मांडली जातात, आणि त्यांच्या जोडीला एबेनेझर, जेबेझ, अल्जर्नन, पर्सिव्हल, मार्मड्यूक, कथबर्ट, लॅन्सलॉट असतात. या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नावं असून मधेच कधीतरी त्यांचा विसर पडला. पुरावा मात्र वेगळंच सांगतो. यातली बहुतेक नावं राणी व्हिक्टोरियाच्या काळात (१८३७ ते १९०१) आधीपासून रूढ नव्हती. तेव्हाच्या आईबापांनी ती मोठ्या हौसेनं नव्यानं आणली, आणि त्यासाठी खऱ्या परंपरेशी फारकत घेतली.

खरी परंपरा अगदी थोडक्या नावांची होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या पुरुषांत जॉन, विल्यम आणि थॉमस या तीन नावांचाच वाटा सुमारे निम्मा होता. जॉर्ज, जेम्स, रॉबर्ट, रिचर्ड, जोसेफ, हेन्री हे त्यांच्या मागोमाग येत, आणि तिथे यादी जवळजवळ संपत असे. नाव आजोबाचं, बापाचं किंवा बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता झालेल्या माणसाचं ठेवायचं. निवड करायची असते ही कल्पनाच फारशी नव्हती. गावात चार जॉन स्मिथ असले तरी कुणाचं अडत नसे, कारण एकाला गिरणीवाला, दुसऱ्याला लंगडा, तिसऱ्याला टेकडीवरचा म्हणून लोक ओळखत. ही घडी एकोणिसाव्या शतकात विसकटली. इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या १८०१ मध्ये सुमारे ८९ लाख होती, ती १९०१ मध्ये सव्वातीन कोटींवर गेली. १८५१ च्या खानेसुमारीत निम्म्याहून अधिक माणसं शहरांत राहत असल्याचं दिसलं. १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली, पुढे शाळांचे पट आले, रेल्वे कंपन्यांच्या पगारवह्या आल्या. जिथे शेजारी ओळखत नाही आणि कारकून फक्त वहीतली ओळ पाहतो, तिथे जॉन स्मिथ या नावानं माणूस वेगळा काढता येत नाही. मधलं नाव ठेवण्याची चाल आधी बड्या घराण्यांपुरती होती, ती याच शतकात कामगारांच्या वस्तीपर्यंत पोचली. वेगळ्या नावाची गरज निर्माण झाली, आणि हाती वाचायला पुस्तकं आल्यामुळे नावं शोधायची कुठे हेही कळलं.

सगळ्यात मोठा साठा सापडला तो मध्ययुगात. यंत्रांच्या धुरात वावरणाऱ्या त्या समाजाला शूर सरदारांच्या, मठांच्या आणि सॅक्सन राजांच्या काळाची विलक्षण ओढ लागली होती. पार्लमेंटची नवी इमारतसुद्धा त्यांनी गॉथिक पद्धतीची बांधली. नावांच्या बाबतीत या ओढीचा पहिला मानकरी वॉल्टर स्कॉट. त्याच्या ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) या कादंबरीच्या नायकाचं नाव विल्फ्रेड, आणि नायकाच्या बापाचं सेड्रिक. विल्फ्रेड हे निदान एका जुन्या संताचं नाव होतं. सेड्रिक तर स्कॉटनंच घडवलेलं, बहुधा सर्डिक या सॅक्सन राजाच्या नावातली अक्षरं उलटीसुलटी होऊन. १८८६ मध्ये ‘लिट्ल लॉर्ड फॉंटलरॉय’च्या छोट्या नायकाला हेच नाव मिळालं आणि ते घरोघर पोचलं. आज ‘प्राचीन सॅक्सन नाव’ म्हणून सेड्रिक निवडणारे आईबाप खरं तर एका कादंबरीकाराची निर्मिती निवडत असतात. टेनिसनच्या आर्थर राजावरच्या काव्यमालेचा पहिला भाग १८५९ मध्ये आला, आणि लॅन्सलॉट, पर्सिव्हल, गॅलहॅड ही नावं दिवाणखान्यात ऐकू येऊ लागली. गाय या नावाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. १६०५ मध्ये पार्लमेंट सुरुंगानं उडवण्याच्या कटात गाय फॉक्स पकडला गेला, तेव्हापासून दर ५ नोव्हेंबरला त्याचा पुतळा जाळला जातो. असं नाव पोटच्या पोराला कोण ठेवील? पण १८५३ मध्ये शार्लट याँग या लेखिकेनं ‘द एअर ऑफ रेडक्लिफ’ या कादंबरीच्या उदात्त नायकाचं नाव गाय ठेवलं. पुस्तक तुफान खपलं आणि अडीचशे वर्षांचा डाग धुऊन निघाला. मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला ज्यांचं नाव आहे ते १८७३ मध्ये जन्मलेले पत्रकार बेंजामिन गाय हॉर्निमन, हे याच बदललेल्या हवेतलं अपत्य. याँगबाईंनी पुढे १८६३ मध्ये ख्रिस्ती नावांचा सविस्तर इतिहासही लिहिला. नावांवर असा ग्रंथ लिहावासा वाटणं आणि तो विकत घेणारे वाचक मिळणं, हेच त्या काळाचं वेगळेपण सांगून जातं.

एका घराकडे जरा जवळून पाहू. विनोदी कादंबरीकार पी. जी. वुडहाउस हे चार भावांतले तिसरे, जन्म १८८१. वडील हाँगकाँगमध्ये मॅजिस्ट्रेट होते. सर्वांत थोरला १८७७ मध्ये तिथल्या ‘पीक’ नावाच्या डोंगरावर जन्मला, म्हणून स्कॉटच्या ‘पेव्हरिल ऑफ द पीक’ या कादंबरीवरून त्याच्या नावात पेव्हरिल आलं. दुसरा अर्नेस्ट आर्मिन, त्यातलं अर्नेस्ट जर्मन वळणाचं. तिसरे आपले पेल्हॅम ग्रेनव्हिल, म्हणजे दोन्ही बड्या घराण्यांची आडनावं. धाकट्याला लॅन्सलॉट मिळालं. मुलगे चारच, पण कादंबरी, राजघराण्यामार्फत आलेला जर्मन प्रभाव, आडनावांची हौस आणि आर्थर राजाचा दरबार, असं सगळं त्यांच्या नावांत येऊन बसलं आहे. आजोबाचा जॉन कुठे दिसलाच तर तो मागच्या बाकावर, मधल्या नावात.

आडनावाचं नाव करण्याची रीत जुनी होती, पण ती सरदारांची होती. आईचं माहेरचं आडनाव मुलाला द्यायचं, म्हणजे त्या घराण्याचा मान, जमल्यास इस्टेटीवरचा हक्कही, जपला जाई. अभियंता इझंबार्ड किंगडम ब्रुनेलमधलं किंगडम हे त्याच्या आईचं आडनाव, आणि ब्राँटी बहिणींचा भाऊ ब्रॅनवेल यानंही आपलं नाव आजोळहून आणलं. मध्यमवर्गानं ही रीत उचलली तेव्हा मात्र नात्याची अट गळून पडली. स्टॅनली, पर्सी, सिडनी, नेव्हिल, मॉर्टिमर ही उमरावांची आडनावं कारकुनाच्या आणि वाण्याच्या पोरांना मिळू लागली. १९३५ ते १९५१ या काळात ब्रिटनचे चार पंतप्रधान लागोपाठ झाले: स्टॅनली बॉल्डविन, नेव्हिल चेंबरलेन, विन्स्टन चर्चिल, क्लेमेंट अ‍ॅटली. चौघांचा जन्म १८६७ ते १८८३ मधला, आणि पहिली तिन्ही नावं मुळात आडनावं. टेनिसननं आपल्या थोरल्या मुलाचं नाव हॅलम ठेवलं ते तरुणपणी वारलेल्या जिवलग मित्राच्या, आर्थर हॅलमच्या, आठवणीसाठी. १८६५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या किपलिंगला रडयार्ड हे नाव मिळालं ते स्टॅफर्डशरमधल्या ज्या तलावाकाठी त्याच्या आईबापांची गाठ पडली त्या तलावावरून. माणसाच्या आयुष्यातली एखादी जागा किंवा एखादं प्रेम पुढच्या पिढीच्या कपाळी लिहिता येतं, ही कल्पना जॉन-विल्यमच्या काळात फारशी शक्यच नव्हती.

हे सगळं शिकलेल्या, पैसेवाल्या घरांचं झालं, गोरगरिबांचं काय, असा आक्षेप इथे यायला हवा, आणि त्याचं उत्तर मला या विषयातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. त्यांच्यापाशी बायबल होतं. ३० मार्च १८५१ रोजी इंग्लंड-वेल्समध्ये प्रार्थनेला कोण कुठे जातं याची गणती झाली, तेव्हा जवळपास निम्मी हजेरी सरकारमान्य चर्चबाहेरची निघाली: मेथडिस्ट, बाप्टिस्ट आणि त्यांच्यासारख्या पंथांची साधी प्रार्थनाघरं. खाणकामगार, विणकर, कुंभार, कोळी या वर्गांत या पंथांचा जोर होता. अनेक घरांत बायबल हेच एकमेव पुस्तक, आणि तेच रोज वाचलं जाई. एबेनेझर, जेबेझ, ईनॉक, हेझकाया, ओबडाया, एली, एमॉस ही नावं तिथून आली. या मंडळींना ती अवघड वाटत नव्हती. संकटात देवानं केलेली मदत, मागितलेली आणि मिळालेली कृपा, अशा कथा त्या नावांना चिकटलेल्या होत्या, आणि त्या आईबापांना तोंडपाठ होत्या. कधीकधी चूकही होई. थॉमस हार्डीच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ (१८७४) या कादंबरीत केन (म्हणजे बायबलातला काईन) बॉल नावाचा मेंढपाळाच्या हाताखालचा पोर आहे. त्याच्या गरीब, अडाणी आईचा असा उलटा समज की हाबेलनं काईनचा खून केला. म्हणून मारला गेलेला तो बिचारा काईन, असं धरून तिनं मुलाला त्याचं नाव दिलं. चूक लक्षात आली तोवर नाव गावात रुजलं होतं, मग लोकांनी ते ‘केनी’ असं मऊ करून घेतलं. हार्डीला खेड्यातली माणसं पक्की ठाऊक होती. वाचता न येणारी आईसुद्धा नेहमीच्या नावांत समाधान न मानता धर्मग्रंथातून आपलं असं एक नाव उचलते, हे त्यानं टिपलं आहे. तेव्हा नव्या नावाची हौस ही बड्यांची मिरासदारी नव्हती.

थोरामोठ्यांची नावं देण्याची चाल तर सर्वांनाच परवडणारी होती. राणीचा नवरा आल्बर्ट १८४० मध्ये जर्मनीहून आला तेव्हा हे नाव इंग्लंडमध्ये क्वचितच ऐकू येई. १८६१ मध्ये तो वारला आणि शतक संपेपर्यंत प्रत्येक गल्लीत एक बर्टी, म्हणजे आल्बर्ट, झाला होता. त्याच्या पुण्यतिथीला, १४ डिसेंबर १८९५ रोजी, जन्मलेल्या पणतवाचं नावही आल्बर्टच ठेवावं लागलं. तोच पुढे राजा सहावा जॉर्ज. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या वाढदिवशी, १ मे १८५० रोजी, राणीला मुलगा झाला तेव्हा त्याला ड्यूकचं आर्थर हे नाव मिळालं. हा राजपुत्र पुढे काही वर्षं मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. १८५७ च्या उठावात लखनौला मेलेल्या जनरल हॅव्हलॉकचं आडनाव तिकडे मुलांचं नाव झालं. ज्याच्या विजयाच्या बातम्या वाचून लंडनमध्ये बारशी होत होती, त्याच्या तोफांपुढे इथे कोण उभं होतं हे आपल्याला विसरता येत नाही, आणि साम्राज्याच्या काळातली नावं वाचताना ते विसरूही नये. चार्ल्स डिकन्सनं मात्र सेनापतींऐवजी लेखक निवडले. त्याच्या सात मुलग्यांत वॉल्टर सॅव्हेज लँडॉर, आल्फ्रेड डॉर्से टेनिसन, सिडनी स्मिथ, हेन्री फील्डिंग आणि एडवर्ड बुल्वर लिटन अशी आख्खी नावं, आडनावासकट, वाटली गेली. यातला वॉल्टर कंपनीच्या लष्करात हिंदुस्थानात आला आणि १८६३ च्या अखेरीस बावीस-तेविसाव्या वर्षी कलकत्त्यात वारला.

आता दुसरा, अधिक नेटका आक्षेप. ही सगळी अपवादाची उदाहरणं आहेत. नोंदवह्या उघडल्या तर व्हिक्टोरियन मुलगे अखेरपर्यंत जॉन आणि विल्यमच राहिले, असं कुणी म्हणेल. यात तथ्य आहे. १९०४ सालच्या इंग्लंड-वेल्सच्या यादीत पहिला विल्यम आणि दुसरा जॉनच आहे. पण त्याच यादीत पहिल्या दहांत आर्थर आहे, आल्बर्ट आहे, अर्नेस्ट आहे. त्याच्या शंभर वर्षं आधी ही तिन्ही नावं गावात क्वचितच सापडली असती. ऑस्कर वाइल्डनं १८९५ मध्ये नायकाचं नाव अर्नेस्ट असावं या हट्टावर आख्खं नाटक उभं केलं, ते हे नाव तेव्हा ऐन भरात होतं म्हणूनच. मार्मड्यूक किंवा सेप्टिमस शंभरात एकालाही मिळालं नसेल, पण ज्या दारानं ते आले त्याच दारानं आर्थर आणि आल्बर्ट लाखोंनी आत आले. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ स्टॅनली लिबरसन यांनी २००० साली ‘अ मॅटर ऑफ टेस्ट’ या पुस्तकात नावांची फॅशन बरीचशी आपल्याच गतीनं चालते, प्रत्येक बदलामागे सामाजिक घटना शोधू नये, असं दाखवून दिलं. ते मला पटतं, पण अर्ध्यापर्यंत. एखादं नाव चढतं आणि मग शिळं होतं, हा वेग फॅशनचा. चढायला नावं कोणत्या कोठारातून निवडली गेली, हे मात्र त्या समाजाला काय वंदनीय वाटत होतं त्यावरच ठरतं, आणि ती कोठारं वर पाहिलीच.

नावं गेली कशी, हे फार लांबवण्याचं कारण नाही. १८६० च्या दशकात लग्न झालेल्या इंग्रज जोडप्यांना सरासरी सहाच्या आसपास मुलं होत; १९२० च्या दशकात लग्न झालेल्यांना दोनच्या आसपास. आठवा जन्मलाच नाही तर ऑक्टेव्हियस कुणाला म्हणणार? प्रार्थनाघरं रिकामी होत गेली तशी जेबेझ आणि हेझकाया यांच्यामागची कथा हरवली आणि उरला तो केवळ चमत्कारिक उच्चार. एबेनेझरवर तर डिकन्सच्या कंजूष स्क्रूजनं १८४३ पासूनच सावली टाकली होती. कथबर्ट हे डरहॅमच्या पूज्य संताचं आणि ट्रफाल्गरला नेल्सनच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या कॉलिंगवुडचं नाव. पहिल्या महायुद्धात लढाई टाळून सरकारी कचेरीत लपणाऱ्याला लोक ‘कथबर्ट’ म्हणू लागले आणि ते कायमचं बसलं. त्याच युद्धात आल्बर्ट, हॅरल्ड, पर्सी, विल्फ्रेड या नावांची पिढी कापली गेली. गावोगावच्या स्मृतिस्तंभांवर ती नावं कोरलेली आहेत. जे उरले ते म्हातारे झाले, आणि म्हाताऱ्यांचं नाव बाळाला ठेवायला कुणी धजत नाही.

म्हातारे गेल्यावर धजतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांनुसार २०१८ मध्ये आर्थर हे नाव १९२० च्या दशकानंतर प्रथमच पहिल्या दहांत आलं. गेल्या काही वर्षांत पहिल्या शंभरांत आल्फी, आर्ची, स्टॅनली, आल्बर्ट, रेगी, थिओडोर, एझ्रा, एलायजा ही नावंही दिसली. यावर असं म्हणता येईल की ही मंडळी पणजोबाचंच नाव ठेवतात, तेव्हा ही परंपराच झाली. पण पणजोबा सगळ्यांना चार असतात, आणि त्यांपैकी कुणाचं नाव परत येतं आणि कुणाचं नाही, यात निवड स्पष्ट दिसते. आल्फ्रेडचा आल्फी होऊन तो परततो. हेझकायाला तसं सुटसुटीत रूप सापडत नाही. एझ्रा आणि एलायजा कानाला हलके, स्वरांवर संपणारे; एबेनेझर आणि कथबर्ट जडच राहिले. म्हणजे आजचे आईबाप तेच करत आहेत जे व्हिक्टोरियन आईबापांनी केलं: दूरचा काळ निवडायचा, त्यातलं आपल्या कानाला रुचेल तेवढं घ्यायचं, आणि त्याला जुनं म्हणायचं. यात फसवणूक नाही. मला तर ही उमेद फार माणुसकीची वाटते. मात्र जेबेझ बाजूला पडतो तेव्हा एका खाणकामगाराच्या घरातली श्रद्धाही बाजूला पडते, आणि पर्सिव्हलच तेवढा त्या काळाचा प्रतिनिधी ठरतो, याचं वाईट वाटतं.

नावाचं जुनेपण ठिकाणावरही ठरतं. विल्फ्रेड, सिरिल, क्लॅरेन्स, सेसिल ही नावं इंग्लंडमध्ये आजोबांची होऊन बसली तेव्हा गोव्यातल्या आणि मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत ती तरुण होती. १९२७ मध्ये जन्मलेले डॉ. विल्फ्रेड डिसोझा १९९० च्या दशकात गोव्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांचं नाव इथे कुणाला जुनाट वाटलं नाही. पारशी घरांतला पर्सी तर अजूनही सहज हाक मारण्यासारखा आहे.

इंग्लंडमध्ये आता पाळी कुणाची? स्कॉटनंच १८२२ मधल्या कादंबरीतून पुढे आणलेलं नायजेल हे नाव विसाव्या शतकाच्या मध्यावर भरात होतं. २०१६ च्या सरकारी यादीत मात्र ते एकाही बाळापुढे नाही. ती यादी तीन किंवा अधिक बाळांना मिळालेलीच नावं छापते, म्हणजे ठेवलं असलं तरी फार तर एखाद-दुसऱ्यानं. कारण उघड आहे: सध्याचे नायजेल साठी-सत्तरीत आहेत, कुणाचे काका, कुणाचे निवृत्त मास्तर. आर्थरला परतायला शंभर वर्षं लागली. तोच हिशोब धरला तर २०६० च्या आसपास, ज्यांनी कुठलाही नायजेल प्रत्यक्ष पाहिलेला नाही असे आईबाप ते नाव पुन्हा उचलतील, आणि तेव्हाच्या नावांच्या पुस्तकांत ते जुन्या वळणाच्या दुर्मिळ नावांत छापलेलं असेल.